अंगठ्याखालची ओळ

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि ज्यांना स्वतःचे पाय नीट ठेवता येत होते असे लोक त्या गर्दीत फारच थोडे होते. दर रविवारी ग्वायाकिल शहरातून बसगाड्या घाट चढून पुकावाइकोला यायच्या आणि त्यांतून आजोबा-आज्या उतरायच्या. कुणी काठीवर, कुणी लेकाच्या पाठीवर, कुणी खुर्चीसकट. समुद्रकाठची माणसं ती, डोंगरातल्या थंडीनं कुडकुडायची. एका आजींनी तर बसच्या खिडकीचा पडदाच काढून अंगाभोवती गुंडाळला होता. चर्चच्या भिंतीला लागून बायका शेगड्यांवर गिनीपिग भाजत होत्या आणि धुरातून सगळ्यांचे डोळे लागले होते चर्चच्या पायरीकडे.

पायरीवर बंधू एलिसेओ उभा होता. डोक्यातून घालायचा पांढरा लोकरी पोंचो, पांढरे रबरी बूट, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद.

"भावांनो, बहिणींनो! मी काही म्हणत नाही. मी कोण म्हणणारा? हे सरकार म्हणतंय!" त्यानं कागद उंच धरला. "पुकावाइको. गेल्या वर्षी मृत्यू: शून्य! त्याच्या आदल्या वर्षी? शून्य! त्याच्याही आदल्या? शून्य! पाच वर्षं ओळीनं या गावात माणूस मेलेला नाही. कशामुळं? आपल्या झऱ्यामुळं! पाणी कच्चं..."

"आयुष्य पक्कं!" गर्दी ओरडली.

"आणि उकळलं..."

"की गेलं!"

पुकावाइकोकरांचा सरकारवर विश्वास होता अशातला भाग नाही. सरकारनं रस्त्याचं डांबरीकरण करतो म्हटलं, गाव हसलं. दवाखान्यात रोज डॉक्टर पाठवतो म्हटलं, गाव पोट धरून हसलं. पण 'तुम्ही मरत नाही' असं सरकार म्हणतंय म्हटल्यावर मात्र गावाला सरकारचं म्हणणं एकदम पटलं. हाच एलिसेओ त्याआधी केस उगवायचं तेल विकायला आला होता. तेव्हा गावानं त्याला घोटभर कॉफीसुद्धा विचारली नव्हती. तेल विकायचं थांबलं आणि कागद आला, तसा तो बंधू झाला.

चौकाच्या कोपऱ्यावर निकानोर सुताराचं दुकान होतं. निकानोर शवपेट्या करायचा. बापानंही त्याच केल्या होत्या. पण गेली पाच-सहा वर्षं दुकानातून पेटी म्हणून हललेली नव्हती. त्यामुळे एलिसेओनं शून्याची घोषणा केली तेव्हा गावात सगळ्यांत आधी विश्वास बसला तो निकानोरचा.

"तरीच!" तो बायकोला म्हणाला. "मला वाटायचं, माझ्याच कामात काही खोट आहे."

मग त्यानं पेट्यांच्या फळ्या उचकटल्या आणि मुक्कामी येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी पलंग करायला घेतले. पलंग जरा अरुंद होत होते, पण तक्रार कुणी केली नाही.

गावात कुणी गेलंच नव्हतं का? गेलं होतं की. निकानोरचा सख्खा थोरला भाऊ बेलिसारियो गेला होता, खालूनच पेटीत घालून आणला होता. पण त्याचं उत्तर बंधूकडे तयार होतं. "बेलिसारियो कुठे गेला? खाली, तालुक्याच्या इस्पितळात. हद्द सोडली, पाणी सुटलं, माणूस सुटला!" अन् आसुन्सिओन आजी? ती तर स्वतःच्या खाटेवर, उशाला झऱ्याचं पाणी ठेवून गेली होती. "ती चहा करायची की नाही? मग! पाणी उकळायची!" आणि एखाद्यानं फारच मान खाजवली की बंधू हळू आवाजात विचारायचा, "तुमची आठवण मोठी, की सरकारचा शिक्का मोठा?"

सगळं सुरळीत चाललं होतं. मग निकानोरच्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं.

एर्मेलिंदाला उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पार खांद्यापर्यंत जायची. आठवड्याला एकदा येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बघितलं. डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलं होतं.

"पित्ताशयात खडे आहेत, एक नळीत अडकलाय. खाली जाऊन काढून घ्या. याच आठवड्यात."

"खाली?" एर्मेलिंदा खाटेवर उठून बसली. "खाली गेलेले कसे परत आले ते मी बघितलंय, बाई. आडवे!"

घरी आल्यावर निकानोरनं तिला समजवायचा प्रयत्न केला.

"अगं, डॉक्टर शिकलेल्या आहेत."

"अहो, शिकल्या कुठे? खालीच ना? मग त्या खालचंच सांगणार."

"पण डोळे पिवळे झालेत तुझे!"

"होऊ देत. पिवळी का होईना, इथे जिवंत राहीन. तुम्हाला लोक काय म्हणतील याचा विचार केलात? पेट्यांचा सुतार बायकोला इस्पितळात ढकलतोय!"

संध्याकाळी निकानोर एलिसेओकडे गेला. एलिसेओ बाटल्यांना लेबलं चिकटवत बसला होता.

"पाणी वाढवा," एलिसेओ म्हणाला. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. कच्चं."

"बंधू, तो कागद जरा बघू."

एलिसेओनं कागद धरला, पण हातातून सोडला नाही. निकानोरनं मान वाकडी केली. लाकडातली बारीक चीर बघायची सवय असलेले त्याचे डोळे कागदाच्या तळाशी गेले. तिथे एलिसेओचा अंगठा होता, जांभळ्या खड्याच्या अंगठीचा, चांगला जाडजूड. आणि अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरं डोकावत होती.

"खाली काय लिहिलंय?"

"छापखान्याचा पत्ता."

"अंगठा जरा बाजूला..."

"निकानोरभाऊ," एलिसेओ दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "मनात शंका आली, म्हणजे पाणी उकळायला ठेवलंच की तुम्ही."

त्या रात्री एर्मेलिंदा कण्हत होती आणि निकानोरला तो अंगठाच दिसत होता. दर रविवारी कागद वर जायचा, पण अंगठा कधी हलायचा नाही. सकाळी तो दुधाच्या ट्रकमध्ये बसून तालुक्याला गेला.

जायचं कुठे ते मात्र त्याला माहीत नव्हतं. तो थेट इस्पितळाच्या खिडकीशी गेला.

"मेलेल्या माणसांचा हिशोब कुठे मिळतो?"

"कोण मेलंय तुमचं?"

"कुणीच नाही. आमच्याकडे कुणी मरतच नाही. खरंच मरत नाही का, तेच विचारायला आलोय."

खिडकीतल्या बाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्याला मानसोपचाराच्या दारात नेऊन बसवलं. तिथल्या परिचारिकेनं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही वेडे नाही. तुम्हाला आकडेवारी हवी आहे. आरोग्य कचेरीत जा, वरच्या मजल्यावर, शेवटची खोली."

शेवटच्या खोलीत सोराइदाबाई बसल्या होत्या. तालुक्यातले जन्म, मृत्यू, ताप, जुलाब यांचे तक्ते करून छापणं हे त्यांचं काम. निकानोरनं पोंचो सावरत विचारलं, "मेलेल्यांचे आकडे तुमच्याकडे असतात का?" तशा त्या खुर्चीतून उठल्याच.

"तुम्हाला हवेत? स्वतःला? कुणी पाठवलं नाही ना?"

"नाही."

"बसा! कॉफी घ्या! अहो, मी इथे नोकरीला लागल्यापासून आपणहून विचारायला आलेले तुम्ही दुसरे. पहिला एक पांढऱ्या बुटातला माणूस आला होता."

निकानोरनं कप खाली ठेवला. "त्याला दिलेला तक्ता बघू."

सोराइदाबाईंनी तोच तक्ता काढला. तोच शिक्का, तेच शून्य. आणि तळाशी, अंगठा नसलेल्या जागी, एक ओळ होती: मृत्यूंची संख्या नोंदणी कचेरीच्या ठिकाणानुसार.

"म्हणजे?"

"तुमच्या गावात जन्ममृत्यूची नोंद करायची कचेरी आहे?"

"होती. बंद झाली. सहा वर्षं झाली असतील."

"मग आता गावात कुणी गेलं तर नोंद कुठे करता?"

"इथे, तालुक्याला."

"तर तो मृत्यू इथल्या नावावर लागतो. माणूस कुठे का मरेना, नोंद झाली तिथे मोजला. तुमच्याकडे कचेरीच नाही, म्हणून तुमच्याकडे शून्य." त्यांनी बोट खाली सरकवलं. "हे बघा, तोतोरास. शून्य. आणि हे उर्कुलोमा. तेही शून्य."

"तोतोरास?" निकानोर ओरडला. पुकावाइको आणि तोतोरास यांचं फुटबॉलच्या एका गोलावरून तीन पिढ्यांचं वैर होतं. "ते दारुडे अमर?"

"तुमच्याइतकेच. आता हा दुसरा तक्ता बघा. यात मेलेला माणूस राहायला कुठे होता त्यावरून मोजतात. पुकावाइको, पाच वर्षं: एकतीस. नावं आम्ही देत नाही, फक्त आकडे देतो. कुणालाही, फुकट. इंटरनेटवरही आहेत."

नावांची निकानोरला गरज नव्हती. तो बोटांवर मोजू लागला. आसुन्सिओन आजी. त्रान्सितोचा नवरा. गुरवासारखी चर्चची घंटा वाजवणारा सेबेरो. कोपऱ्यावरच्या घरातलं बाळ. आणि बेलिसारियो. भाऊ गेला तेव्हा तो ढसाढसा रडला होता. मग एका कागदापायी त्याला हिशोबातूनच उडवून बसला होता. मान खाली घालून त्यानं विचारलं, "मग माझ्याकडून पेटी का नाही कुणी घेतली?"

सोराइदाबाईंनी खिडकीतून समोर बोट दाखवलं. नोंदणी कचेरीच्या दारासमोरच पेट्यांचं मोठं दुकान होतं. पितळी कड्या, आतून साटीन. नोंदीला आलेली माणसं जाताना पेटी घेऊनच जात होती.

निकानोर म्हणाला, "दोन्ही तक्ते द्या मला."

रविवारी चौक भरला. एर्मेलिंदाही शाल गुंडाळून दुकानाच्या पायरीवर बसली होती. एलिसेओनं कागद वर केला. "पुकावाइको! मृत्यू..."

"बंधू," निकानोर गर्दीतून म्हणाला, "अंगठा काढा."

"काय?"

"कागदावरचा अंगठा काढा. खालची ओळ वाचा."

"याला मढी हवीत!" गावपंचायतीचा अध्यक्ष अब्दोन ओरडला. त्यानं घराच्या माडीवर म्हाताऱ्यांसाठी खाटा टाकल्या होत्या. "धंदा बसलाय म्हणून जळतोय हा!"

"जळत असेन. पण अंगठा काढायला काय हरकत आहे?"

गावात मुक्कामाला राहिलेल्या त्या पडदा गुंडाळलेल्या आजी पुढे सरसावल्या. "मलाही ऐकायचंय. मी जन्मभर बँकेत होते, मी बारीक अक्षर आधी वाचते. काढा अंगठा!"

मागून कुणीतरी ठेका धरला, आणि सगळा चौक काठ्या आपटत ओरडू लागला, "अंगठा काढा! अंगठा काढा!"

एलिसेओचा अंगठा हलला. आजींनी चष्मा नाकावर चढवून ती ओळ खणखणीत वाचली. निकानोरनं तिचा अर्थ सांगितला. कुणाला कळला, कुणाला नाही. मग निकानोरनं आपला तक्ता उघडला.

"याच पानावर तोतोरास. मृत्यू शून्य."

चौकात स्फोट झाला. "तोतोरास? ती माणसं? त्यांना कसलं आलंय शून्य!"

"झरा... जमिनीखालून झरा तिकडेही जातो!" एलिसेओ घाईघाईनं म्हणाला.

ही त्याची मोठी चूक झाली. "म्हणजे आमचं पाणी चोरतात?" असं म्हणत चार जण बाह्या सरसावून निघालेसुद्धा. निकानोरनं त्यांना अडवलं.

"थांबा. अजून एक. उर्कुलोमा. मृत्यू शून्य."

ज्वालामुखीची राख पडल्यापासून उर्कुलोमातली घरं ओस होती. एक म्हातारा म्हणाला, "पण तिथे तर कुणी राहतच नाही."

"म्हणून कुणी मरतही नाही," आजी म्हणाल्या. तोवर त्यांच्या नातीनं मोबाइलवर सरकारी तक्ता उघडला होता. त्यात बघून आजी म्हणाल्या, "बरोबर बोलतोय हा. इथे दोन्ही आकडे आहेत. आणि या दुसऱ्यात पुकावाइकोचे एकतीस आहेत."

"एकतीसांचं मला माहीत नाही," त्रान्सितो एकदम बोलली. "माझा नवरा एकच होता." तिनं हात वर केला. "पण तो मेला. मी पुरला त्याला."

कुणी हसलं नाही. एकामागून एक हात वर गेले. अब्दोननं इकडे तिकडे पाहिलं आणि आईसाठी त्यानंही हात वर केला. निकानोरनं भावासाठी केला. मागं वळून बघतो तर पायरीवरून एर्मेलिंदाचाही हात वर होता.

"भाऊजींसाठी," ती म्हणाली. मग हात खाली घेऊन बरगडी दाबत म्हणाली, "अहो, ट्रक कधी निघतो?"

एर्मेलिंदाचं ऑपरेशन झालं. खडे तिनं सगळ्यांना दाखवले, अगदी जेवतानासुद्धा. एलिसेओ त्याच दिवशी बसनं पसार झाला. अब्दोननं त्याला निरोपाला चार शिव्या दिल्या आणि बाटल्या तेवढ्या ठेवून घेतल्या.

पुढच्या महिन्यात गावातली माणसं सोराइदाबाईंच्या खोलीत गेली. या वेळी मेलेल्यांचं नाही, जिवंतांचं विचारायला: आमची पोरं कशानं आजारी पडतात? बाईंनी तक्ता काढला. जुलाब. एलिसेओ आल्यापासून दुप्पट. त्या दिवसापासून घरोघरी पाणी उकळू लागलं, आणि तोच तक्ता टेबलावर आपटून गावानं डॉक्टरीणबाईंचे आठवड्यातले दिवसही वाढवून घेतले.

आकडा खोटा नव्हता, हे ध्यानात घ्या. सरकारनं लबाडी केली नव्हती, शिक्काही खरा होता. लबाडी होती ती अर्धाच कागद दाखवण्यात. आणि आपली चूक होती ती अर्ध्या कागदाला हात जोडण्यात. म्हणून उद्या कुणी तुमच्या तोंडासमोर एखादा आकडा नाचवला, तर भारावून जाऊ नका आणि चिडूही नका. विचारा: कुणी मोजलं? काय मोजलं? शेजारच्या गावाचा आकडा काय? मग स्वतः जाऊन बघा. ते तक्ते तुमच्या पैशानं, तुमच्यासाठीच छापलेले असतात, आणि ते मागायला कुठल्याही बंधूची चिठ्ठी लागत नाही.