चेंडू सोडून खांबाकडे बघा

आमच्या यांना संघात सगळे ‘खांब’ म्हणत. उंचीमुळे म्हणत असतील, असंच मला लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं. आधी शीतगृहात पेट्या उचलायचे, तिथून एका क्लबने त्यांना पगारावर घेतलं आणि गुडघे साथ देत होते तोवर ते बास्केटबॉल खेळले. पुढे बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून मापं घेतली. वरच्या फळीवरचं खोकं काढायला त्यांना कधी स्टूल लागलं नाही, एवढीच काय ती तिथे खेळाची खूण.

आमची नात भिंगरी. खरं नाव वेगळं, पण तिला एका जागी उभं राहिलेलं कुणी पाहिलेलं नाही. तिने वर्गात सांगून टाकलं, “माझे आजोबा चॅम्पियन होते!” एका मैत्रिणीने ओठ मुरडले, “दाखव की मग!” तेव्हा वर्गाच्या बाईंनी ठरवलं, आजोबांनाच बोलवायचं आणि त्यांचा अंतिम सामना पडद्यावर बघायचा.

आदल्या संध्याकाळी भिंगरीने तो सामना आमच्या घरी लावला. मी बाजूला भाजी निवडत होते. सामना संपला तशी ती माझ्याकडे वळली.

“आजी, आजोबांनी एकही बास्केट केली नाही.”

“हो का?”

“नुसते उभे आहेत गं! सगळे पळतायत, आणि येणारा-जाणारा यांना धडकतोय. उद्या सगळे मला हसतील.”

हे चष्मा पुसत ऐकत होते. “मग मी येऊ नको म्हणतेस?”

“तुमचं पोट दुखतंय असं सांगू?”

“पोट माझं ठणठणीत आहे. उद्या मला थोडा वेळ दे. मग ठरव, कुणाचं पोट दुखवायचं ते.”

दुसऱ्या दिवशी मीही गेले. शाळेत शिकवणं सुटलं, तरी वर्ग म्हटला की माझे पाय आपोआप वळतात.

सामना सुरू झाला. यांच्या संघात एक बुटका, चपळ नेमबाज होता. त्याची बास्केट झाली की पोरं बाकं वाजवायची. मग कुजबुज सुरू झाली. ओठ मुरडणारी मैत्रीण मागे वळून म्हणाली, “तुझे आजोबा पुतळा होते का गं?” वर्ग खिदळला. भिंगरीने मान खाली घातली. सगळ्यांत मोठ्याने हसले ते हेच.

“बाई, पुन्हा पहिल्यापासून लावा. पण आता चेंडूकडे कुणी बघायचं नाही. फक्त माझ्याकडे बघायचं.”

“चेंडूकडे न बघता सामना कसा बघायचा?” एकाने विचारलं.

“बघ तर खरं.”

या वेळी सगळे डोळे यांच्यावर होते. नेमबाज धावतोय, समोरच्या संघातला एक जण त्याला चिकटून. मध्येच हे येतात, पाय रोवतात, हात छातीशी बांधतात. नेमबाज यांना घासून पुढे जातो. मागचा मात्र धाडकन यांच्यावर आपटतो. नेमबाज मोकळा, आणि बास्केट!

“अरे! यांनी त्याला अडवलं!”

“याला स्क्रीन म्हणतात,” हे म्हणाले. “आधी जाऊन उभं राहायचं आणि हलायचं नाही. हललं की फाउल.”

“लागत नाही?”

“लागतं की. बरगडी मोडलीय. आणि हा दात बघ, नकली.” त्यांनी तो काढूनच दाखवला. पोरांना सामन्यापेक्षा दातच आवडला.

तेवढ्यात भिंगरी ताडकन उभी राहिली. “थांबा! तो बोट का दाखवतोय?”

पडद्यावर बास्केट करून परत धावणाऱ्या नेमबाजाचं बोट यांच्याकडे होतं.

“आमच्यात रीत आहे. ज्याच्यामुळे बास्केट झाली, त्याच्याकडे बोट दाखवायचं.”

मग काय विचारता! प्रत्येक बास्केटला पोरं ओरडायला लागली, “आता बोट! बघ, दाखवलं!” शेवटच्या बास्केटला तर नेमबाज दोन्ही हातांची बोटं यांच्याकडे रोखून धावत सुटला.

“पण फलकावर तुमचं नाव नाही आलं,” मैत्रीण म्हणाली. आता आवाज मऊ होता.

“नाही आलं. पण चषक सगळ्यांत उंच माझ्याच हातात होता. बाकीच्यांचे हात पोचत होते कुठे?”

मधल्या सुट्टीत सगळी वरात मैदानावर गेली. भिंगरी म्हणाली, “मी उभी राहते.” पाय रोवले, हात छातीशी. त्याच मैत्रिणीच्या मागे धावणारा एक दांडगा मुलगा येऊन आदळला. ती कळवळली, पण जागची हलली नाही. मैत्रीण मोकळी सुटली, तिने चेंडू टाकला आणि तो जाळीतून खाली आला. मैत्रिणीने आनंदाने उडी मारली, मग आठवून गर्रकन वळली आणि भिंगरीकडे बोट दाखवलं.

भिंगरीने आपलं बोट कुंपणापाशी उभ्या असलेल्या आजोबांकडे वळवलं.

यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड फिरवून दोन पावलं बाजूला सरकले.

“आजोबा, हललात!” भिंगरी मैदानातून ओरडली. “फाउल!”