रंगीत असेल तर

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. लगेच जिना डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यावर आजवर कुणाचा पाय पडलेला नाही. मी पलंगांच्या एका कारखान्याच्या संगणकात राहते. आमचे नंबर दहा-दहाने वाढतात, म्हणून तिसरी असूनही माझा नंबर तीस, आणि माझे काम कडा गोल करण्याचे.

आमचा कारखाना गिऱ्हाईक सांगेल तसा पलंग करून देतो. कुणाला खाली खण हवेत, कुणाला नकोत. कुणाला मोठ्यांसाठी हवा, तर कुणाला बाळासाठी उंच कठड्याचा. जसा पलंग तसा त्याचा कारखान्यातला रस्ता, आणि तो रस्ता संगणकात पायरी पायरीने मांडून ठेवलेला असतो. माझी थोरली बहीण लाकूड कापायला लावते, दुसरी भोके पाडून घेते, मग मी, आणि माझ्यामागे रंग, जोडणी नि पॅकिंग. रांग सोडून हलायची आम्हाला मुभा नाही. त्यातून मला आणखी एक कुलूप आहे. त्याला अट म्हणतात. अट जुळली तरच मला हाक येते. नाही जुळली तर मी आहे तिथेच, डोळे उघडे आणि तोंड बंद.

मला घडवले संगणकवाल्या ताईंनी. सगळ्या पायऱ्या संगणकात घालायचे काम त्यांच्याकडे होते. त्या दिवशी त्या कडा घासायच्या यंत्रापाशी खुर्ची ओढून बसल्या. तिथे काम करणाऱ्या काकांना सगळे 'गुळगुळीत काका' म्हणत, कारण कुठल्याही टेबलाच्या कडेवरून बोट फिरवल्याशिवाय ते चहालासुद्धा बसत नसत.

"काका, तुमच्याकडे कुठले पलंग येतात?" ताईंनी विचारले.

"बाळांचे तेवढे. मोठ्यांच्या पलंगांना माझी गरज नाही पडत."

"बाळांचे म्हणजे ते रंगीतच ना? मोठ्यांना तर नुसतं पॉलिश असतं."

"हो हो. बाळांचे म्हणा नाहीतर रंगीत म्हणा, एकच झालं!"

ताईंना अजून ढीगभर पायऱ्या मांडायच्या होत्या. शेजारच्या रंगाच्या पायरीला त्यांनी नुकतीच अट घातली होती. तीच उचलून त्यांनी मलाही चिकटवली: 'रंगीत असेल तर'. माझे नशीब त्या तीन शब्दांत कोंडले गेले, आणि तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. माझ्याही नाही.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. काकांच्या यंत्राजवळचा पडदा ही माझी खिडकी. बाळाचा पलंग आला की पडद्यावर माझे नाव उमटे आणि काका कामाला लागत. कडा अशा होत की गाल घासला तरी कळू नये. एकदा कुणा आजोबांनी स्वतःसाठी निळा पलंग मागवला, तर माझी अट जुळली आणि त्यांच्याही पलंगाच्या कडा गोल होऊन गेल्या. "आजोबांचे लाड चाललेत!" असे म्हणून काका पोट धरून हसले. मीही हसले. तिथेच कुणी थांबून विचार केला असता तर!

मग साहेबांनी बाळांसाठी बिनरंगी पलंग विकायला काढले. स्वच्छ लाकूड, रंगाचा वास नको म्हणणाऱ्या आईबापांसाठी. ते हातोहात खपू लागले. भोके पाडून झाली की पलंग मला नि रंगाला वगळून थेट जोडणीला जाई. कठड्याची कोरी, धारदार कड मला दिसे. आमच्याकडे नियम असा, की पडद्यावर नाव नसेल त्या कामाला हात लावायचा नाही. काकांनी एकदा तशा पलंगाकडे पाहिले आणि म्हणाले, "नवीन फॅशन असेल." साहेबांना तर पलंग लवकर निघू लागल्याचा आनंदच झाला. त्यांना वाटले, सुंठीवाचून खोकला गेला! आणि मी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओरडावे तर आवाज नाही, धावावे तर जागा नाही.

ताईंना मुलगी झाली. रजेवरून परत आल्यावर त्यांनी तिच्यासाठी स्वतःच पलंग निवडायला घेतला. पडद्यावर एकेक प्रश्न येत होता आणि त्या फोनवर नवऱ्याशी बोलत उत्तरे देत होत्या.

"कठडा उंचच घेते. रंग? छे, रंग नको रे, वास मारतो. नुसतं लाकूडच बरं."

मित्रांनो, त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने विनवत होते. ताई, पिवळा म्हणा. हिरवा म्हणा. काहीही म्हणा, पण रंग म्हणा! त्यांनी बटण दाबले आणि त्यांच्या लेकीचा पलंग माझ्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेला.

काही महिन्यांनी ताई काकांच्या यंत्रापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे सुजले होते. लेक कठड्याला धरून उभी राहायला शिकत होती. तिचा हात सुटला आणि भुवई कडेवर आपटली. टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

"काका, कडा गोल का नाही केल्या?"

काकांचा चेहरा उतरला. "तो माझ्याकडे आलाच नाही हो ताई. मला वाटलं, या नव्या पलंगांना लागत नसेल."

माशी कुठे शिंकली ते ताई शोधू लागल्या. यंत्र पाहिले, जोडणीवाल्यांना विचारले, काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी त्यांनी मला उघडले. अट वाचली.

"हे मीच घातलंय," त्या हळूच म्हणाल्या.

"एकच झालं, असं मी म्हणालो होतो," काका म्हणाले.

ताईंनी तिथल्या तिथे अट बदलली: 'बाळासाठी असेल तर'. माझे कुलूप निघाले. आता बाळाचा एकही पलंग मला चुकवून जात नाही. दोन गोष्टी नेहमी जोडीने दिसतात म्हणून त्या एक होत नाहीत, हे आता आमच्या इथे सगळ्यांना पाठ आहे.

पण जे पलंग आधीच गेले, त्यांचे काय? ताईंनी स्वतः घरोघरी फोन लावले. पुष्कळसे पलंग परत आले, काकांनी त्यांच्या कडा घासून दिल्या. काही घरांचे फोन मात्र लागलेच नाहीत. त्या घरांत आज कुणीतरी कठड्याला धरून उभे राहत असेल, आणि मी अजून इथेच, रांगेत, आत. इथून बाहेर यायला मला दार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे रांगते भावंड असेल आणि त्याचा पलंग नुसत्या लाकडाचा असेल, तर आजच त्याच्या कठड्यावरून जपून हात फिरवा. टोचले तर लगेच मोठ्यांना हाक मारा. मला ती मारता आली नाही.