न दिलेली ओळ

“पोरगी माह्याजवळ दे वं. तू घोटभर पाणी पे अन् जाय आत,” माझे गाण्याचे गुरू रुपरावजी म्हणाले.

सुमेधा त्यांच्याकडे जाणार नाही असं मला वाटत होतं. दहा महिन्यांची पोर, दात येत होते, आणि पहाटेपासून तिचं अंग कोमट लागत होतं. शिष्यवृत्तीची परीक्षा होती त्या धरमपेठेतल्या शाळेच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या मी तिच्या कपाळाला सारखा हात लावत होते. पण तिनं रुपरावजींकडे एकदा नीट पाहिलं, त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं आणि गेली. मला हायसं वाटलं आणि लगेच धस्सही झालं. कारण रुपरावजींची जागा व्हरांड्यात नव्हती. ते आत हवे होते, माझ्या मागे, रंगमंचाच्या पडद्याला लागून.

दुसरं कुणी नव्हतंच. सुमेधाच्या बाबांची हिंगण्याच्या कारखान्यात रविवारीही पाळी होती, कंपनीची बस साडेसहालाच निघून गेली होती. सासूबाई पुतणीच्या बाळंतपणासाठी उमरेडला अडकल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, “शिष्यवृत्ती भेटली तर भेटली. मी सांभाळीन पोरीले, दोन वर्षं सांभाळीन. नाही भेटली तर हे गाणंबिणं पुरे झालं, बाई. माहे हात दुखतात आता.” त्यांचं काही चुकत नव्हतं. मंगळवार-शुक्रवार मी लकडगंजात रुपरावजींकडे शिकायला जायची तेव्हा सुमेधाला खांद्यावर घेऊन त्या तासन्‌तास अंगणात फिरत असत.

शिष्यवृत्ती मुंबईच्या एका न्यासाची होती. जुन्या संगीत नाटकांतली पदं शिकणाऱ्या नव्या गायकांसाठी, दोन वर्षांची, गुरूलाही मानधन. कधी न छापलेल्या नाटकांतली पदं असतील तर त्यांना प्राधान्य. वयाची अट तीस. मी जूनमध्ये तीस पूर्ण करणार होते. वर्तमानपत्रातला जाहिरातीचा तो चौकोन मी कापून पिठाच्या डब्याखाली ठेवला होता आणि अर्ज भरेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मला शिष्यवृत्तीच्या कागदाची गरज होती. कागद असला की गाणं म्हणजे काम होतं. मग कुणी ते बंद कर म्हणत नाही.

रुपरावजी लकडगंजातल्या लाकडं चिरणाऱ्या एका आरा मशीनवर मोजणीला होते. ओंडक्याला टेप लावायचा, लांबी आणि गोलाई ओरडून सांगायची, आतल्या खोलीत मुनीम लिहून घेणार, मग हे ओंडक्याच्या तोंडावर खडूनं आकडा घालणार. करवत सुरू असली की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. रुपरावजींचा आवाज मात्र करवतीच्या वरून जाई. मालकानं त्यांना ठेवलं ते एवढ्याचसाठी. त्यांच्या गाण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

माझे बाबा त्याच मशीनवर ओंडके लावायचे. मी शाळेतून येताना त्यांचा डबा नेऊन द्यायची. एकदा डबा रिकामा होईपर्यंत मी काहीतरी गुणगुणत होते, तर हा खडूनं पांढरा झालेला उंच माणूस टेप गुंडाळत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, सूर चांगला आहे पण तू सुराला घाबरते, मंगळवारी येजो. बाबा गेले, माझं बीए झालं, लग्न झालं, सुमेधा झाली. मंगळवार चालू राहिला.

ते उमरेडच्या विणकरांच्या घरातले. अकराव्या वर्षी गळा ऐकून एका नाटक मंडळीनं उचलून नेलं. तेहतिसाव्या वर्षापर्यंत ते नऊवारी नेसून नायिकेची पदं म्हणत. कंपनी बुडाल्यावर घरी परतले तेव्हा हात माग विसरले होते. मशीनमागच्या खोलीत त्यांच्याकडे पेटीसुद्धा नव्हती. सागाच्या एका फळीवर ते ताल धरायचे आणि नाटक मंडळीच्या मालकांनी स्वतः लिहिलेल्या एका नाटकाची पदं एकेक करून मला द्यायचे. ते नाटक कधी छापलं गेलं नाही. चोपडी कुठे गेली ते त्यांनाही माहीत नव्हतं. सगळं त्यांच्या तोंडात होतं.

सगळं दिलं, एक ओळ सोडून.

नाटक संपताना सगळे नट हात जोडून उभे राहतात आणि सर्वांचं भलं मागतात, ते भरतवाक्य. त्यांच्या मंडळीत त्याची शेवटची ओळ तालमीत कधी म्हणत नसत. नव्या नटाला ती शिकवतही नसत. खेळाच्या दिवशी, प्रेक्षक बसलेले असताना, पडद्याच्या कडेला उभं राहून जुन्या नटानं ती नव्याच्या कानात एकदा सांगायची. एकदाच. त्यानं ती उचलायची आणि बाहेर जाऊन म्हणायची.

मी काहून म्हणून विचारलं तर ते कितीतरी वर्षं नुसते फळीवर बोटं वाजवत राहायचे. मी शिकायला लागल्यावर सहाव्या की सातव्या वर्षी बोलले. काटोलचा मुक्काम होता. शेजारच्या मैदानात बोलपटाचा तंबू लागला होता. त्या दिवशी नाटकाला एक माणूस आला नाही. मालक म्हणाले, रंग पुसा. रुपरावजींना राग आला. रंगलेल्या तोंडानं ते पुढे आले, हात जोडले आणि ती ओळ रिकाम्या खुर्च्यांपुढे म्हणून टाकली. पंधरा दिवसांत कंपनी मोडली.

“माह्या तोंडानं बुडाली वं कंपनी,” ते म्हणाले.

मी शिकलेली बाई. मी त्यांना समजावलं की बोलपटानं अशा किती मंडळ्या मोडल्या, त्यात तुमच्या ओळीचा काय दोष. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“हाव, तसंबी असंल,” ते म्हणाले. “पण खुर्च्या रिकाम्या होत्या.”

तर या परीक्षेसाठी ठरलं होतं ते असं. मी दोन पदं म्हणायची. मग परीक्षक भरतवाक्य म्हणायला सांगतील, मधे दोन मिनिटं जातीलच. तेवढ्यात रुपरावजी पडद्यामागून ओळ देतील. परीक्षक म्हणजे प्रेक्षकच, त्यांनी मला सांगितलं होतं. आणि आता ते सुमेधाला खांद्यावर टाकून व्हरांड्याच्या टोकाला, नळाजवळ, फेऱ्या घालत होते.

सातवा क्रमांक पुकारला.

आत तीन परीक्षक टेबलामागे बसले होते. साथीला पेटी आणि तबला. नावं लिहिणाऱ्या एक बाई, दाराशी शिपाई, आणि ज्यांचं गाणं होऊन गेलं होतं ते चार उमेदवार मागच्या बाकांवर. मी नांदी म्हटली. पेटीवाल्यांनी दुसऱ्या आवर्तनाला मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग नायिकेचं विरहाचं पद म्हटलं. मधल्या परीक्षकांनी डोळे मिटले होते. पद चांगलं चाललं होतं. हे मी आज लाजून लपवत नाही, ते खरंच चांगलं चाललं होतं.

तेवढ्यात सुमेधा रडली.

भुकेचं रडणं होतं ते. ते ओळखायला मला पाहावं लागत नाही. छातीत दूध भरून आलं, पोलक्यावर ओल पसरत गेली, मी पदर ओढून घेतला आणि तान पूर्ण केली. परीक्षक म्हणाले, आता भरतवाक्य. मी पडद्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. रडणं लांब गेलं, मैदानाकडे. ते तिला माझ्या कानांपासून दूर नेत होते, मला गाता यावं म्हणून.

मी पाणी मागितलं. शिपायानं आणून दिलं. मी ते जमेल तितकं हळू प्यायले. नावं लिहिणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

मी सुरू केलं. पावसानं वेळेवर यावं, मागावर सूत तुटू नये, लेकीबाळी सुखात नांदाव्यात. ओळीमागून ओळ संपत होती. शेवटच्या ओळीपाशी आले आणि एक गोष्ट लख्ख समजली. मी काहीही म्हणू शकत होते. चाल अंगात भिनलेली होती, चार शब्द जुळवायला मला कितीसा वेळ लागला असता. नाटक छापलेलं नव्हतं. त्या हॉलमध्ये कुणालाही कळलं नसतं. कळलं असतं ते फक्त मैदानात माझ्या पोरीला थोपटणाऱ्या माणसाला.

मी थांबले. तबला दोन मात्रा पुढे गेला आणि थांबला.

“पुढं?” मधले परीक्षक म्हणाले.

“गुरुजी देणार आहेत,” मी म्हटलं. ते किती वेड्यासारखं ऐकू आलं ते मलाही कळलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. पेटीवाल्यांनी भाता बंद केला.

आणि दारातून आवाज आला.

रुपरावजी उंबऱ्यात उभे होते. सुमेधा रडून रडून त्यांच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. ते आत आले नाहीत. तिथूनच, अडुसष्टाव्या वर्षी, बाईच्या कोवळ्या सुरात, हॉलभर नजर फिरवत त्यांनी ओळ म्हटली:

“आले जन सुखें परतोत घरा, दारी दीप जागो.”

पस्तीस वर्षं आत ठेवलेली ओळ एवढीशी होती. आलेल्या माणसांना घरी नीट जा म्हणणारी. ती रिकाम्या खुर्च्यांना का म्हणायची नसते, हे मला तेव्हा उमगलं. चाल शेवटी खाली येत नव्हती, वर जाऊन तिथेच थांबत होती. मी ती उचलली आणि पेटीशिवाय, तबल्याशिवाय म्हटली. सूर लागला. त्यांनी मान हलवली आणि पोरीला घेऊन पुन्हा व्हरांड्यात गेले.

मधले परीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की बाई, पद पाठ करून यायला हवं होतं, बाहेरून सांगितलेलं आम्हाला धरता येत नाही. मी रीत समजावून सांगायला लागले. अर्ध्यातच माझ्या लक्षात आलं की ते ऐकतायत, पण ते लिहायला त्यांच्या कागदावर रकाना नाही. मग त्यांनी विचारलं, मूल लहान दिसतं, दोन वर्षं नियमित शिकणं जमेल का. मी जमेल म्हणाले. त्यांनी काहीतरी लिहिलं.

व्हरांड्यात मी सुमेधाला पाजायला घेतलं. तिच्या झबल्यावर पाठीशी पाच बोटं पांढरी उमटली होती. रुपरावजींनी त्या दिवशी साबणानं हात धुतले होते. तरी खडू तळहाताच्या रेषांत राहतोच.

निकालाचं पत्र एप्रिलमध्ये आलं. ‘तयारी अपूर्ण आढळल्याने’ असे शब्द होते. सासूबाईंना वाचून दाखवलं. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी, मी लकडगंजाला निघायच्या वेळी, त्यांनी सुमेधाला माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि चपला घालून बुद्धविहारात निघून गेल्या.

शनिवारी दुपारी पोरीला घेऊन मी लकडगंजात गेले. करवत बंद होती, पट्टा बदलत होते. रुपरावजी एका सागाच्या ओंडक्यावर बसून पाणी पीत होते. मी पत्र पुढे केलं. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. मी सांगितलं, नाही मिळाली. त्यांनी मान हलवली. सुमेधानं त्यांच्याकडे हात केले तसं त्यांनी हात सदऱ्याला पुसून तिला घेतलं.

माझ्यामुळे गेली, मी म्हटलं. मी तिला आणायलाच नको होतं.

“काहून वं?” ते म्हणाले. “तिले कुठी ठिवली असती? तू ओळ उचलली ना?”

“उचलली.”

“मंग.” त्यांनी सुमेधाला मांडीवर नीट बसवलं. मग अगदी सहज, आकडा सांगावा तसं म्हणाले, “अकरा जण होते हॉलात. मी मोजले. अन् हे पोरगी धरून बारा.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सुमेधाकडे पाहत होते. त्यांचा चेहरा एखादं जड ओझं खाली ठेवल्यासारखा सैल पडला होता, आणि तो तसा मी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. माझं पत्र माझ्याच हातात राहिलं.

“मंगळवारी येजो,” ते म्हणाले.

बघते, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

पट्टा बसला. मुनीमानं आतून हाक मारली. रुपरावजींनी पोरगी माझ्याकडे दिली, उठले आणि कमरेचा टेप सोडला. करवत सुरू झाली तशी सुमेधा दचकून मला बिलगली. मी रस्त्यावर येऊन सायकलरिक्षात बसले. मागे लाकूड चिरण्याचा तो कर्कश आवाज सगळ्या गल्लीत भरला होता, आणि त्याच्या वरून, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करत, आकडे येत होते. लांबी साडेनऊ फूट. गोलाई चार फूट दोन इंच. सुमेधानं रडणं थांबवून मान वळवली. रिक्षा वळेपर्यंत ती ऐकत होती.