मी सरकारजमा होता होता राहिले

मी एक जुनी व्हॅन आहे आणि मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. हवा भरणाऱ्याने न सांगता काच पुसली, तरी मला वाटतं, याच्या मनात काहीतरी आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. एका लाँड्रीवालीने मला विकत घेतलं. सगळे तिला मावशी म्हणत. घरोघरची मळकी गाठोडी आणायची आणि इस्त्रीचे गठ्ठे पोचवायचे, हे आमचं काम. माझ्या पोटात सदा साबणाचा वास असे. "गाडी किती स्वच्छ ठेवलीय!" असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

पुढे मावशीचा सख्खा भाचा मदतीला आला. तो फार गोड बोले. मला तेव्हाच शंका आली. एके दुपारी त्याने इकडेतिकडे पाहून एक गाठोडं चादरींखाली सारलं आणि पुढे मावशीशेजारी येऊन बसला. वळणावर त्या गाठोड्यातून डचमळल्याचा आवाज आला. मावशीने मागे वळून पाहिलं, पण गाडी थांबवली नाही.

चौकात पोलिसांनी अडवलं. गाठोड्यात चोरट्या दारूचे कॅन निघाले. "मावशीनेच ठेवायला सांगितलं," भाचा म्हणाला. 

मला जप्त करून ठाण्याच्या आवारात उभं केलं. माझे टायर बसले, आरसा कुणीतरी लंपास केला. मोठ्या अधिकाऱ्याने तर मला सरकारजमा करायचा हुकूम काढला. म्हणजे मी मावशीपासून कायमची तुटणार आणि तिचा धंदाही बसणार. खरं सांगू? मला मावशीचाही संशय येऊ लागला होता. आवाज मला आला, मग तिला आला नसेल?

मावशीने त्या हुकुमाविरुद्ध कोर्टात दाद मागितली. तिथे काय झालं, ते मावशीच्या वकीलबाईंनी मला सोडवायला आल्यावर हवालदाराला सांगितलं.

"मी बजावलं होतं, आवाज ऐकलाच नाही म्हणा. तर या म्हणाल्या, ऐकला!"

"आणि मग?"

"न्यायाधीशांनी विचारलं, मग उघडून का नाही पाहिलं? या म्हणाल्या, 'साहेब, कुणी कपडे भिजवलेले तसेच बांधून देतं, मला तेच वाटलं. लोकांच्या घरातलं काय काय डागांवरून कळतं. म्हणून गाठोडं वाटेत सोडायचं नाही, दुकानात नेऊनच सोडायचं. आमच्या धंद्याची रीतच आहे ती.'"

हुकूम काढण्याआधी अधिकाऱ्याने मावशीचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. तिला दारूची माहिती होती, याचा पुरावाही नव्हता. मालकाला गुन्ह्याची कल्पना नसेल, तर गाडी हिरावून घेता येणार नाही, असं सांगून न्यायाधीशांनी हुकूम रद्द केला. मला हायसं वाटलं.

पहिल्याच फेरीला आम्ही शिवणकाम करणाऱ्या आजींच्या दारी गेलो. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. आजींनी गाठोडं दिलं. मावशीने ते हातात तोललं, हुंगलं आणि भर रस्त्यात, माझ्या दाराशीच त्याची गाठ सोडली. घाण झालेल्या चादरी खाली पडल्या. येणारेजाणारे बघू लागले.

"घरात बोलावून दाखवलं असतं गं," आजी चादरी गोळा करत म्हणाल्या. "विचारायचं तरी होतंस."

"आजी, चुकले मी," म्हणून मावशी रडू लागली. मलाही फार वाईट वाटलं.

मित्रांनो, गाडीला वेळेवर तेलपाणी करा, तिला उन्हापावसात बेवारस सोडू नका. आणि कुणी विश्वासाने आपली गाडी तुमच्या हाती दिली, तर तिच्यात आपलं पाप दडवू नका, एवढीच माझी विनवणी आहे. भाचा शिक्षा भोगून सुटेल. आम्ही आजही रोज आजींच्या दारावरून जातो. मावशी गाडी हळू करते, हॉर्न वाजवते. आजी खिडकीत शिवत बसलेल्या दिसतात, पण त्या मान वर करत नाहीत.