ओढ्याचा सतरावा छेद

मी एक जुना आडवा छेद आहे. नाव ऐकून घाबरू नका, मित्रांनो! पाव कापला की त्याची आतली जाळी दिसते ना, तसाच ओढा आडवा कापला तर त्याचे काठ, उतार आणि तळ जसे दिसतील, ते चित्र म्हणजे मी. आमच्या ओढ्याचे असे चाळीस छेद आहेत आणि मी सतरावा. माझ्या एका काठावर शाळा आहे, म्हणून माझा तोरा जरा जास्तच. असू दे की!

सर्व्हेवाल्या काकांनी मला मोजलं. ओढा जिथे नदीला मिळतो तिथून ते पाण्याच्या उलट दिशेने वर चालत आले. दर पन्नास मीटरवर ते चिखलात उतरायचे, या काठापासून त्या काठापर्यंत ठिपके घ्यायचे आणि प्रत्येकाची नोंद करायचे : मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे किती, आणि उंची किती. मग डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी रेघ उमटली. "वा, काय झकास आलाय हा!" इंजिनिअर साहेब म्हणाले आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझ्याच मापांवरून शाळेकडे जाणारा साकव, म्हणजे छोटा पूल, बांधला. काम झालं, आणि मी एका फोल्डरमध्ये जाऊन पडलो. सहा वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

एके दिवशी नकाशेवाल्या ताईंनी तो फोल्डर उघडला. पुराचं पाणी कुठवर चढेल, याचा नकाशा त्यांना करायचा होता. त्यांनी आमची मापं एक्सपोर्ट केली, म्हणजे नकाशाच्या सॉफ्टवेअरला पाठवली, आणि आम्ही चाळीसही जण धडाधड नकाशावर उतरलो. अहाहा! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या शेजारचे रस्ते, झाडं, छपरं दिसली. मी हरखून गेलो.

पण मग निळा रंग पसरला आणि सगळी शाळा पाण्याखाली गेली. समोरच्या काठावरचं रिकामं मैदान मात्र कोरडं ठणठणीत! शाळेचं काय करायचं ते ठरवायला सोमवारी बैठक होती. नकाशा असाच राहिला तर शाळा बंद होऊन मुलांना पाच किलोमीटर लांब जावं लागणार होतं. मुख्याध्यापिका बाईंनी तर कपाटं रिकामी करायला घेतली होती.

ताईंना चैन पडेना. त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

"अगं, शाळा पाण्यात कशी जाईल? तो काठ तर उंच आहे!" काका म्हणाले.

"काका, मापं तुमचीच आहेत."

"मापं माझी गं, पण तोंड कुणीकडे?" काका खोलीच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. "मी खालून वर चाललो. माझा डावा हात शाळेकडे. तुझा नकाशा कसा बघतो?"

"पाणी वाहतं त्या दिशेने," म्हणत ताई त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात पसरले. ताईंचा डावा हात काकांच्या उजव्या हाताला लागला. "अरे देवा! मी सगळा ओढाच उलटा घातला!"

दोघंही पोट धरधरून हसली. मग ताईंनी आम्हाला पुन्हा एक्सपोर्ट केलं. या वेळी डावं-उजवं काही नाही. प्रत्येक ठिपक्याला त्याचा खरा पत्ता दिला : पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती, उंची किती. उंच काठ शाळेखाली गेला आणि निळा रंग मैदानात.

सोमवारी बाई बैठकीला आल्या त्या डोळे सुजवूनच. ताईंनी नवा नकाशा त्यांच्यापुढे ठेवला.

"म्हणजे एवढं आवरलेलं सगळं परत लावायचं?" बाईंनी विचारलं. मग हसता हसता त्यांना रडूच कोसळलं. "लावू की! आत्ता जाऊन लावते!"

मित्रांनो, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की विचारू नका. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. डावं-उजवं लिहिताना आपलं तोंड कुठे होतं, तेही लिहून ठेवा. आणि आम्हा जुन्यांना अधूनमधून पुन्हा मोजा, कारण ओढा बदलत राहतो. कंटाळा करू नका. आमच्यासारख्या चार ठिपक्यांच्या भरवशावर तिकडे वर्ग भरलेले असतात.