मागे वळून पाहायचं नाही

लुद्विकसरांच्या मते ब्रदा नदीत एकच खोट होती: ती शहराच्या मधून वाहायची. पोलंडमधल्या बिद्गोश्चमध्ये ज्याला त्याला काठावरच कामं निघत. कुणाला बदकांना पाव घालायचा असे, कुणाला बियर ढोसून धक्क्यावर पाय सोडून बसायचं असे. वर्षाकाठी एखादा तरी आत जायचाच. शाळेतून निवृत्त झाल्यावर सर या नदीच्या हात धुऊन मागे लागले. धक्क्याला साखळ्या लावून घेतल्या आणि भिंतीवर जागोजागी दोरी बांधलेल्या तांबड्या तरंगत्या कड्या टांगल्या.

पण वसंताचा पहिला दिवस जवळ आला की सरांना मझान्नाची धास्ती वाटायची. मझान्ना म्हणजे हिवाळा. तिची पेंढ्याची बाहुली करायची, तिला बायकी झगा घालायचा आणि नदीत बुडवायची, की थंडी गेली. बुडवायला कुणाची हरकत नव्हती, पण ती बुडताना बघायला सगळी पोरं काठावर ओणवी होत. गेल्या वर्षी एक मुलगी जातच होती, स्वेटर हातात आला म्हणून वाचली. यंदा एकही पोर पाण्यात जाता कामा नये, या विचाराने सरांची झोप उडाली होती.

शेवटी ते नाक मुठीत धरून स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांच्या सासूबाई ओतिलिया कोबी चिरत होत्या. लग्न झाल्यापासून सर त्यांच्या समजुतींची टर उडवत आले होते.

"सासूबाई, मझान्नाला बुडवल्यावर मागे वळून बघायचं नसतं ना? जरा मुलांना सांगाल का?"

"का हो जावईबापू? ते तर थोतांड!"

"थोतांडच आहे. पण पोरं भितील आणि काठापासून लांब राहतील."

"आधी म्हणा, खरं आहे."

"अहो, सासूबाई..."

"मग राहू दे." सुरी पुन्हा चालू झाली.

"खरं आहे," सर तोंडातल्या तोंडात म्हणाले.

ओतिलियाबाईंना अशी संधी उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्यांनी पोरांना असं काही घाबरवलं की त्यांना घेऊन आलेल्या शिक्षिकाही कावऱ्याबावऱ्या झाल्या. "जो वळून बघेल तो वर्षाच्या आत खलास! आमच्या शेजारचा ब्रोनेक बघा. धडधाकट माणूस. वळला, आणि पुढचा वसंत त्याला दिसला नाही. मागून कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही. मझान्ना लबाड असते, ओळखीचा आवाज काढते!"

सरांनी समाधानाने मान डोलावली. पोरांची रांग लावली, तोंडं चौकाकडे केली, ओतिलियाबाईंना पुढे घातलं. गाणं म्हणत रांग निघाल्यावर सरांनी एकट्याने मझान्नाला उचललं आणि भिरकावलं. पोरींनी तिला हौसेने विणलेली शाल पांघरवली होती. तिच्या झालरीत सरांच्या ओव्हरकोटाचं बटण अडकलं. मझान्ना गेली आणि पाठोपाठ सरही गेले.

पाणी बर्फासारखं होतं. सरांना पोहता येत होतं, पण ओव्हरकोटाला येत नव्हतं.

"वाचवा!" सर ओरडले.

रांग चालत राहिली. एवढी आज्ञाधारक पोरं सरांना अख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती.

"आजी, सर ओरडतायत," एक मुलगी म्हणाली.

"वळू नकोस! ती मझान्ना आहे."

"सासूबाई! मी लुद्विक!"

"बघ, नावसुद्धा सांगते, मेली!"

सर एकदा खाली जाऊन वर आले. आता खरोखरच मरण समोर होतं. आपण आपल्याच बंदोबस्ताने मरतोय, हेही त्यांना लख्ख दिसलं. उरलासुरला श्वास गोळा करून ते किंचाळले, "तुमच्या कोबीच्या भाजीला कुत्रंही तोंड लावणार नाही!"

ओतिलियाबाई जागच्या जागी थांबल्या. "अगं बाई, हा तर जावईच!"

पोरांना त्यांनी पुढे पिटाळलं आणि स्वतः उलट्या पावलांनी धक्क्याकडे निघाल्या. चाचपडत भिंतीवरची कडी काढली, दोरीचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि कडी डोक्यावरून मागे फेकली. ती बदकांत पडली.

"डावीकडे!" सर म्हणाले.

"कुणाच्या डावीकडे? तुमच्या की माझ्या?"

दुसऱ्यांदा कडी पाण्यापर्यंत आलीच नाही. तिसऱ्यांदा ओतिलियाबाईंनी हात उचलला, तेव्हा मागून कसलाच आवाज येत नव्हता.

"लुद्विक?" त्यांनी हाक मारली. "अहो, काहीतरी वाईट बोला ना!"

ओतिलियाबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि वळून पाहिलं.

या वेळी बघून फेकलेली कडी नेमकी सरांच्या गळ्यात पडली. दोरी ओढायला मग अर्धा चौक धावला. सरांना घोंगडीत गुंडाळलं तेव्हा म्हातारी शेजारी बसून होती, चेहरा पांढराफटक.

"सासूबाई, थोतांड आहे ते," सर दात वाजवत म्हणाले. "काही होत नाही."

"तुम्हाला काय जातंय सांगायला? वळले मी."

आणि मग वर्षभर त्या घरात ओतिलियाबाईंचं राज्य चाललं. शेगडीजवळची खुर्ची त्यांची. "माझं काय, शेवटचंच वर्ष," म्हणत बाई भाजी पुढे सरकवत आणि सर मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घेत. बाई साधं खोकल्या तरी सर डॉक्टरकडे पळत. ऊठसूट विज्ञानाच्या गप्पा मारणारा हा माणूस, पण 'थोतांड' हा शब्द पुन्हा त्याच्या तोंडून निघाला नाही.

पुढच्या वसंताची पहाट झाली. सर अनवाणी उठले आणि सासूबाईंच्या दाराला कान लावून उभे राहिले. आतून करवतीने लाकूड कापावं तसं घोरणं ऐकू आलं. सर तिथेच, थंडगार फरशीवर बसले आणि तोंडात बाही कोंबून ढसाढसा रडले.