पाण्याची गोळी

धर्मपाल बावीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून गोळ्या देत होता. कोण औषध घेतो आणि कोण नुसतं घरी नेऊन ठेवतो, हे आपल्याला तोंडावरून कळतं, असा त्याचा समज होता. थोरल्या बहिणीच्या बाबतीत मात्र तो पार चुकला.

आई गेली तेव्हा धर्मपाल सात वर्षांचा होता. कोकिळाताईनं त्याला वाढवलं, शिकवलं. आता ती साठीला टेकली होती, तरी रोज सकाळी गावातल्या बायकांसोबत ऑटोनं लोहाऱ्याच्या एका डाळ मिलमध्ये तूर निवडायला जायची. दिवाळीनंतर तिचे पाय सुजले, चार पावलांत दम लागायला लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी त्यांनी लिहून दिली. धर्मपालनं पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहिलं : सकाळी चहानंतर एक.

दर रविवारी तो विचारायचा, "ताई, गोळी?"

"हाव रे, घेऊन राह्यली ना."

सूज काही उतरेना. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. तरी माघ महिन्यात एका दुपारी ताई मिलमध्येच पोत्यांना टेकून बसली, ती उठेचना. ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात सुईवाटे तेच औषध गेलं आणि तीन दिवसांत पायांची सूज निम्म्यावर आली. ते पाहून धर्मपालचा तोल गेला. "मंग घरी काहून काम केलं नाही या औषधानं? खरं सांग, घेत होती का तू?"

वॉर्डात सगळे वळून बघायला लागले. ताईनं भिंतीकडे तोंड केलं. धर्मपालच्या बायकोनं, जयानं, त्याला चहा आणायला पाठवलं. तो परतला तेव्हा जया व्हरांड्यात उभी होती.

"ताई फक्त सुट्टीच्या दिवशी गोळी घेत होत्या," ती हळूच म्हणाली. "गोळी घेतली का अर्ध्या अर्ध्या तासाले जावं लागते. मिलमधलं बाथरूम पार त्या टोकाले, दाराले कडी नाही. हमालाइच्या मधातून जावं लागते. तिसऱ्यांदा उठलं का मुकादम सगळ्याइसमोर विचारते, कायले गेलती म्हणून. ताई सकाळपासून पाणीसुद्धा पीत नव्हत्या."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले? हे? भावाले सांगन का कोणी?"

धर्मपालनं चहा तिच्या हातात दिला आणि तडक डॉक्टरांकडे गेला. गोळी सकाळीच घ्यायला पाहिजे का, एवढंच त्यानं विचारलं. डॉक्टर केसपेपरवरून मान न उचलता म्हणाले, "संध्याकाळी चार-पाचला घेतली तरी चालते. झोपेच्या वेळी नको, बस."

तो परत खाटेपाशी आला. या विषयावर भावाबहिणीत आजवर एक शब्द निघाला नव्हता.

"ताई, मिलमधून किती वाजता येते तू?"

"साडेचारले."

"मंग घरी येऊन घेत जा गोळी. चहासंगं."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. "तसं चालते?"

"चालते."

"आधी सांगतलं असतं त..." ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच धर्मपालला तिथं उभं राहवेना.

पुढं ताईची एकही गोळी चुकली नाही. पण हृदय फार खचलं होतं आणि मिल कायमची सुटली. अंगणात बसून ती ऑटोतल्या बायकांना हात करायची. त्याही येता-जाता थांबून दोन शब्द बोलायच्या. श्रावणात एका पहाटे ती गेली.

पुण्यानुमोदनाला मिलमधल्या बायका आल्या होत्या. वंदना झाली, जेवणं झाली. निघताना लीलाबाई म्हणून एक जण, सोबतिणीला घेऊन, धर्मपालपाशी थांबली. "कोकिळाबाईचे लय उपकार हायेत भाऊ. आमी दोघी बी ते पाण्याची गोळी टाळतच होतो. त्याइनच सांगतलं, घरी येऊन घ्या म्हणून. आता रोज घेतो."

"कोणत्या दवाखान्यातून नेता तुम्ही गोळी?" धर्मपालनं विचारलं.

लीलाबाई जरा गोंधळली. "तुमच्याच खिडकीतून त नेतो ना, भाऊ. दोन वर्षं झाले."